हातगुण आणि हिशेब

घरात कुणी आजारी पडले आणि इस्पितळात हलवायची वेळ आली, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर कोण आहेत?’ मग शेजारपाजारचे कुणीतरी छातीठोकपणे सांगते, ‘अमक्यांकडे न्या. त्यांचा हातगुण चांगला आहे.’ आपण त्यावर विश्वास ठेवतो, आणि त्यात वावगे काही नाही. औषधाचा गुण यावयाचा तर वैद्यावर भरवसा असावा लागतो, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होते. परंतु हा हातगुण म्हणजे नेमके काय? तो त्या एका हातात असतो, की तो हात ज्या व्यवस्थेत काम करतो तिच्यात? आणि तो मोजता येतो काय?

मी वैद्यकातला माणूस नव्हे. हे प्रश्न मला पडले ते एका रात्रीमुळे. काही वर्षांपूर्वी माझे वडील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात होते. पहाटे पाचचा सुमार. मी खाटेशेजारी स्टुलावर पेंगत बसलो होतो. एक तरुण डॉक्टर आला; माझ्या वर्गातल्या मुलांहून चार-सहा वर्षांनी मोठा असेल. त्याने वडिलांचे नाव विचारले. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारले. मग इंजेक्शन भरून तो सुई टोचणार, तोच पलीकडून सिस्टर जवळजवळ धावत आल्या. ‘डॉक्टर, हे तेराचं आहे. हा बारा नंबर!’ त्याचा हात थांबला. मी मात्र थांबलो नाही. तोंडाला येईल ते बोललो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मान खाली घालून एवढेच म्हणाला, ‘चुकलंच, काका. परवा सकाळी आठपासून उभा आहे.’

तो गेल्यावर मी बोटांवर मोजले. 45 तास होत होते. माझा राग गेला नाही, पण तो कुणावर धरावा हे मला कळेनासे झाले. त्या मुलावर धरावा, तर 45 तास जागून माझ्या हातून तरी काय झाले असते? पुढे या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो; आणि ध्यानात आले, की रोग्याचे बरे होणे, इस्पितळाची व्यवस्था आणि डॉक्टरांची स्वतःची प्रकृती या तीन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे, याचा हिशेब जगात पुष्कळ चिकाटीने मांडला गेलेला आहे. तो हिशेब आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

सुरुवात व्हिएन्ना शहरापासून करू. तेथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. एक दिवस या विभागात भरती, दुसऱ्या दिवशी त्या विभागात, असा क्रम असे; म्हणजे बायका त्याच शहरातल्या, त्याच परिस्थितीतल्या. असे असूनही 1841 ते 1846 या काळात पहिल्या विभागात शंभरांत सुमारे दहा बाळंतिणी दगावत, तर दुसऱ्या विभागात चारांहूनही कमी. शहरातल्या बायकांना हे पक्के ठाऊक होते. ‘पहिल्यात घालू नका’ म्हणून त्या हातापाया पडत. हातगुणाची एवढी जाहीर परीक्षा दुसरी झाली नसेल. आणि तीत शिकलेले डॉक्टर हरले होते!

त्या विभागात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा अठ्ठावीस वर्षांचा डॉक्टर होता. त्याने हवा, गर्दी, आहार अशी एकेक कारणे तपासून बाजूला सारली. 1847 च्या मार्चमध्ये त्याचे एक प्राध्यापक मित्र शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी लागून वारले. आणि त्यांच्या शरीरात जी लक्षणे सापडली ती थेट सूतिकाज्वराने गेलेल्या बायकांच्या शरीरातल्यासारखी होती. सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत आणि तेच हात घेऊन बाळंतिणी तपासावयास येत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. मेच्या मध्यापासून त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय कुणाला आत येऊ दिले नाही. एप्रिलमध्ये शंभरांत अठरा बायका दगावल्या होत्या. जूनमध्ये दोन, जुलैमध्ये जेमतेम एक.

पुढची हकीकत दुःखद आहे. रोग आपल्याच हातांनी पसरतो, हे मान्य करणे पुष्कळ डॉक्टरांना जड गेले. सेमेलवाइसचा स्वभावही तापट. 1865 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. पण त्याचा धडा राहिला. ते डॉक्टर अज्ञानी नव्हते, निष्काळजीही नव्हते. दोष होता तो कामाच्या मांडणीत : शवागारातून सरळ बाळंतिणीच्या खाटेकडे जाणाऱ्या त्या रस्त्यात. आणि तो दोष दिसला तो कुणाच्या पांडित्यामुळे नव्हे, तर मरण पावलेल्या बायका कुणीतरी विभागवार मोजल्या म्हणून.

मोजावयाचे ठरले, तर काय मोजावयाचे? याचे सुटसुटीत उत्तर 1966 मध्ये अमेरिकेतील एक अभ्यासक आवेडिस डोनाबेडियन यांनी दिले. त्यांनी इस्पितळाच्या कामाचे तीन भाग पाडले. आपण लग्नाच्या पंगतीवरून ते समजून घेऊ. आचारी किती, भांडी कोणती, शिधा पुरेसा आहे की नाही, ही झाली रचना. भात वेळेवर चढला का, वाढप नीट झाले का, ही झाली कार्यपद्धती. आणि शेवटी मंडळी जेवून तृप्त होऊन उठली का, हे झाले फलित. आपण बहुधा फक्त शेवटचे पाहतो आणि आचाऱ्याला नावे ठेवतो किंवा शाबासकी देतो. डोनाबेडियन यांचे म्हणणे असे, की तिन्ही भाग पाहिल्याशिवाय पंगत का बिघडली हे कळावयाचे नाही.

आता प्रश्न असा, की डॉक्टरची किंवा नर्सची झोप, त्यांचा थकवा, त्यांच्या मनाची उभारी या गोष्टी कोणत्या भागात घालावयाच्या? आजवर आपण त्या कोणत्याच भागात घातल्या नव्हत्या. तो ज्याचा त्याचा खाजगी मामला समजला जात असे. ‘रोग्याची सेवा पत्करली, मग भूक-झोप कसली?’ हे बोलणे ऐकावयास उदात्त वाटते. हिशेब मात्र निराळे सांगतो.

प्रथम नर्सेसचे पाहू. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या 168 रुग्णालयांचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेले सुमारे 2 लाख 32 हजार रुग्ण आणि दहा हजारांहून अधिक परिचारिका यांची माहिती त्यात होती. एका परिचारिकेकडे सरासरी किती रुग्ण, आणि भरती झाल्यापासून तीस दिवसांत किती रुग्ण दगावले, हे त्यात ताडून पाहिले. आढळले ते असे : नर्समागे एक रुग्ण वाढला, की मृत्यूचा संभव सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो. चारांऐवजी आठ रुग्ण सोपवले, तर तो सुमारे 31 टक्क्यांनी वाढतो. आणि त्याच एका जादा रुग्णामागे नर्सच्या मनाला थकव्याने ग्रासण्याचा संभवही 23 टक्क्यांनी वाढलेला दिसला.

तुम्ही म्हणाल, ज्या इस्पितळात नर्सेस कमी तेथे रोगीच अधिक गंभीर असतील. शंका रास्त आहे. म्हणूनच अभ्यासकांनी रोग्यांचे वय, दुखणे, इस्पितळाचा आकार यांचा फरक हिशेबातून वजा करून मग हे आकडे काढले. तरीही असा अभ्यास संबंध दाखवतो, कार्यकारण पुरते सिद्ध करीत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण बारा नंबरच्या खाटेकडे धावत आलेल्या सिस्टर मला आठवतात. त्या वेळी त्यांच्या हाती आणखी दहा रोगी असते, तर त्यांचे लक्ष गेले असते काय?

आता डॉक्टरांकडे वळू. ‘निवासी डॉक्टर’ हा शब्दच बोलका आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे 1889 मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले, आणि तेथे शिकाऊ डॉक्टरांनी अक्षरशः इस्पितळातच राहावे, दिवसरात्र हाकेला ओ द्यावी, अशी पद्धत बसली. शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड हे तिचे एक मोठे पुरस्कर्ते. पद्धत जगभर गेली, आपल्याकडेही आली. स्वतः हॉलस्टेड कोकेनच्या आणि पुढे मॉर्फिनच्या आहारी गेलेले होते, ही गोष्ट जगासमोर यावयास मात्र फार वर्षे लागली.

या पद्धतीला पहिला मोठा धक्का बसला तो 1984 मध्ये. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी तापाने दाखल झाली आणि काही तासांतच दगावली. रात्री तिला पाहणारे शिकाऊ डॉक्टर पुष्कळ तास कामावर होते आणि त्यांच्याकडे इतरही अनेक रोगी होते. मुलीच्या वडिलांनी प्रकरण धसास लावले. चौकशीत डॉक्टरांवर गुन्हेगारी आरोप ठेवले गेले नाहीत, परंतु व्यवस्थेवर कडक ताशेरे मारले गेले. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्याने नियम केला : आठवड्याला सरासरी 80 तास आणि सलग 24 तास, याहून अधिक काम नाही. 2003 मध्ये 80 तासांची मर्यादा साऱ्या अमेरिकेतल्या शिकाऊ डॉक्टरांना लागू झाली. आठवड्याचे तास 168. म्हणजे ही सवलतही जवळजवळ अर्ध्या आठवड्याची!

नियमाने फरक पडतो का, हे बोस्टनच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात तपासले गेले. काही पाळ्या जुन्या पद्धतीच्या, चोवीस तासांहून अधिक सलग. काही नव्या, जास्तीत जास्त सोळा तासांच्या. निरीक्षक सावलीसारखे पाठीशी राहून चुका टिपून घेत. 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीत गंभीर चुका 36 टक्क्यांनी अधिक झाल्या. डॉक्टरांच्या डोळ्यांच्या हालचालीही यंत्राने नोंदल्या होत्या. रात्रीच्या कामात नकळत लक्ष हरपण्याचे प्रकार जुन्या पद्धतीत दुपटीहून जास्त निघाले. यातला ‘नकळत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण झोपलो होतो, हे त्या डॉक्टरलाही ठाऊक नसते.

एवढ्यावर हे भाषण संपवता आले असते : तास कमी करा, चुका कमी होतील. पण खरा हिशेब इतका सरळ नसतो. 2016 मध्ये अमेरिकेतील शल्यक्रिया शिकवणाऱ्या 117 केंद्रांचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. आठवड्याची 80 तासांची मर्यादा सर्वत्र कायम होती; परंतु काही केंद्रांत सलग पाळीवर कडक बंधन ठेवले, काहींत ते सैल केले. रोग्यांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत दोन्हीकडे जवळजवळ सारखीच निघाली. असे का व्हावे?

याचे एक कारण असे, की पाळी लहान केली की पाळ्या वाढतात, आणि पाळ्या वाढल्या की रोगी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती अधिक वेळा जातो. दर वेळी काहीतरी सांगावयाचे राहून जाते. पूर्वी एकेरी रेल्वेमार्गावर ड्रायव्हर स्टेशनमास्तरकडून टोकन घेतल्याशिवाय गाडी हलवीत नसे. इस्पितळात रोगी सोपवताना असे टोकन बहुधा नसते. जाणारा घाईत, येणारा गोंधळात. 2014 मध्ये नऊ रुग्णालयांतील बालरोग विभागांत हे टोकन तयार करून पाहिले. रोगी किती गंभीर, हकीकत काय, कोणती कामे बाकी आहेत, रात्री काय बिघडू शकेल आणि बिघडल्यास काय करावयाचे, हे ठरलेल्या क्रमाने सांगावयाचे. आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते सारे आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावयाचे. वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी घटल्या. यात नवे औषध नाही, महागडे यंत्र नाही. थोडी शिकवणी आणि एका माणसाने दुसऱ्याला नीट सांगणे, एवढेच.

तात्पर्य, थकवा हे चुकीचे एक कारण आहे. तुटका निरोप हे दुसरे. एक मिटवताना दुसरे वाढणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

उरली मनाची गोष्ट. 1974 च्या सुमारास न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी एका मोफत दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांकडे पाहून ‘बर्नआउट’ हा शब्द वापरात आणला. तेल संपले की समईची वातच जळू लागते, तशी ही अवस्था. पुढे 1981 मध्ये ख्रिस्तिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी ती मोजण्याची प्रश्नावली केली. तिच्यात तीन लक्षणे पाहतात : मन रिते झाल्यासारखे वाटणे, समोरचा माणूस माणूस न वाटता ‘अकरा नंबरचा पित्ताशय’ वाटू लागणे, आणि आपल्या हातून काही चांगले घडत नाही असे वाटणे. रविवारच्या झोपेने साधा थकवा जातो, हे जात नाही.

या अवस्थेने चुका वाढतात काय? येथेही हिशेब आपल्याला सावध करतो. 2008 मध्ये तीन बालरुग्णालयांतील 123 निवासी डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश ‘बर्नआउट’ झालेले होते, आणि पाचांत एक नैराश्याने आजारी होता. त्यांनी लिहून दिलेली औषधे कागदपत्रांवरून तपासली. नैराश्य असलेल्यांच्या हातून औषधाच्या चुका इतरांच्या सहापट झाल्या होत्या. ‘बर्नआउट’ झालेल्यांच्या चुका मात्र इतरांएवढ्याच भरल्या. पण आपण फार चुका करतो, असे त्यांना स्वतःला वाटत होते! अभ्यास लहान आहे. त्यावरून मोठे सिद्धांत बांधू नयेत. तरीही मन रिते झाले तरी हात काही काळ शिस्तीने चालत राहतो, आणि तो शिणलेला माणूस आतल्या आत स्वतःला दोष देत असतो, असे यावरून दिसते. नैराश्य हा आजार आहे. आणि उपचार करणाऱ्यालाही उपचाराची गरज असते.

2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका पाहणीत सुमारे 7,900 अमेरिकन शल्यविशारदांनी उत्तरे दिली. गेल्या तीन महिन्यांत आपल्या हातून मोठी चूक झाली, असे शंभरांत नऊ जणांनी प्रांजळपणे सांगितले. त्यांच्यात मनाने खचलेल्यांचे प्रमाण इतरांहून जास्त होते. खचल्यामुळे चूक झाली की चूक झाल्यामुळे खचले, हे अशा पाहणीवरून ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही खरे असेल. ते एक रहाटगाडगे आहे, आणि त्याच्या प्रत्येक फेऱ्यात एखादा रोगी बसलेला असतो.

हे सारे अमेरिकेचे झाले, आपल्याकडे काय? कागदावर आपण मागे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 1992 च्या जूनमध्येच सांगून ठेवले, की कनिष्ठ निवासी डॉक्टरांनी साधारणतः आठवड्याला 48 तास आणि सलग 12 तासांपेक्षा जास्त काम करू नये. अमेरिकेच्या 80 तासांहून हा नियम कितीतरी उदार! 2023 च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांतही ‘वाजवी’ तास आणि पुरेशी विश्रांती यांचा उल्लेख आहे. परंतु कागदावरच्या 48 तासांत माझ्यासमोरच्या त्या मुलाचे 45 तास दोन दिवसांतच भरले होते. नियम मोडणारा कुणी दुष्ट असतो असेही नाही. खाटा भरलेल्या, जमिनीवर गाद्या टाकलेल्या, दारात रुग्णवाहिका उभी. अशा वेळी त्या मुलाने ‘माझे बारा तास भरले’ म्हणून निघून जावे कसे? माणसे वाढवल्याशिवाय तास कमी होत नाहीत, हे साधे गणित आहे.

आणि या गणितात आपण, नातेवाईक मंडळी, कोठे बसतो? मार्च 2017 मध्ये धुळ्याला एका निवासी डॉक्टरवर रुग्णाच्या नातेवाइकांनी हल्ला केला, आणि त्यानंतर महाराष्ट्रातले निवासी डॉक्टर हजारोंच्या संख्येने सामूहिक रजेवर गेले. अशा हल्ल्यांविरुद्ध राज्याने 2010 मध्येच कायदा केलेला होता. कायदा हवाच, पण आपला माणूस गेल्याचे दुःख जवळात जवळ असलेल्या पांढऱ्या कोटावर काढावयाचे, ही सवय कायद्याने जाणारी नाही. मी हात उगारला नव्हता, तोंड मात्र सोडले होते. जात तीच, फरक प्रमाणाचा.

याचा अर्थ चुकीला क्षमा करून मोकळे व्हावे असा नाही. चूक करणाऱ्याला जाब विचारण्याचा रोग्याला हक्क आहे. पण जाब योग्य ठिकाणी विचारला पाहिजे. ‘डॉक्टर कोण?’ हा प्रश्न जरूर विचारावा. आणि त्याच्या जोडीला आणखी काही प्रश्न शिकून घ्यावेत. रात्री या कक्षात एका नर्सकडे किती रोगी असतात? पाळी बदलताना रोगी कसा सोपवतात? येथे झालेल्या मृत्यूंची आणि चुकांची नोंद होऊन, कुणाला सुळावर न चढवता, तिच्यावर चर्चा होते काय? निवडणुकीत मते मागावयास येणाऱ्यांना नव्या इमारतीबरोबर नर्सेसच्या रिकाम्या जागांबद्दलही विचारावे. इमारतीची कोनशिला दिसते. भरलेली जागा दिसत नाही. पण पहाटे पाचला खाटेजवळ धावत येते ती भरलेली जागाच.

माझे वडील नवव्या दिवशी घरी आले. आल्यागेल्याला ते मोठ्या डॉक्टरांच्या हातगुणाची कथा सांगत, आणि ते डॉक्टर खरोखरीच निष्णात होते. त्या तरुण डॉक्टरला मी निघताना भेटलो, चार शब्द बरे बोललो. सिस्टरचे मात्र आभार मानावयाचे राहिले. त्या रात्री त्यांच्याकडे किती खाटा होत्या, हेही मी विचारले नाही. त्या वेळी तो प्रश्न मला सुचलाच नव्हता.